दृष्टी, दुसरी वेलांटी

मराठी माणूस शुद्ध लिहील ही आशा मी वयाच्या पंचविसाव्या वर्षीच सोडली आणि पुढची चव्वेचाळीस वर्षं त्याच्या चुकांवर पोट भरलं. मी रघुवीर सापळे, मुद्रितशोधक. पुस्तक छापून येण्याआधी त्यातल्या चुका काढणारा. लेखक प्रस्तावनेत बायकोचे, सासूचे, कॉफी पाजणाऱ्या मित्राचे आभार मानतो आणि आम्हाला विसरतो. विसरू दे. ज्याला 'आशीर्वाद' नीट लिहिता येत नाही त्याच्या आभारांत माझं नाव नसलेलंच बरं. वाईत राहून मी वाईट मराठी कधी खपवून घेतलं नाही, त्यामुळे वाईत मला फारसे मित्रही नाहीत. जे आहेत ते मला पत्र लिहीत नाहीत.

२०३१ साली माझ्या डोळ्यांपुढून अक्षरं गेली.

गेली म्हणजे लोकांना वाटतो तसा काळोख झाला नाही. सगळं दिसायचं, फक्त ज्याच्याकडे बघावं तेवढं सोडून. भिंत दिसायची, भिंतीवरचं घड्याळ दिसायचं, काटे दिसायचे नाहीत. समोरचा माणूस बघायचा तर त्याच्या कानापलीकडे बघावं लागे, म्हणजे डोळ्याच्या कडेनं तो थोडाफार हाती लागायचा. लोक म्हणू लागले, सापळे आता बोलताना तोंडसुद्धा फिरवतो. हा गैरसमज माझ्या स्वभावाला इतका शोभत होता की मी तो दुरुस्त केला नाही.

मला आंधळेपणाची भीती वाटली नाही. काम जाईल याची वाटली. चुका काढणं काढून घेतलं तर रघुवीर सापळे म्हणून जे उरतं तो एक तिरसट म्हातारा, आणि तसल्यांचा वाईत तुटवडा नाही. पहिला महिनाभर मी ताटावरून उठून जायचो. दुसऱ्या महिन्यात माझी बायको, हेमलता, प्रुफांचा गठ्ठा घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "मी वाचते. तुम्ही चुका सांगा."

हेमलतेचं माहेर बेळगाव. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो' म्हणतात. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी रोज तिला 'येते, जाते' असं दुरुस्त करत होतो. ती सुधारली. निदान माझ्यासमोर. पण बेळगावी मराठीवर वाढलेली, मॅट्रिकनंतर कॉलेजचं तोंड न बघितलेली बाई माझी प्रुफं वाचणार, म्हणजे आंधळं दळतंय असा प्रकार. फक्त इथं आंधळा मी होतो.

मराठी नुसती ऐकून निम्मी चूक कळत नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बिचारा. तोंडानं दोन्ही सारखेच. म्हणून ती प्रत्येक शंकेच्या जागी खूण सांगायची. ऱ्हस्वाला पहिली वेलांटी, दीर्घाला दुसरी. पहिला उकार, दुसरा उकार. दुपारी तीन ते सहा, खिडकीजवळच्या टेबलाशी, आम्ही दोघं शेजारी शेजारी.

"'पुर्ण विचारांती', पहिला उकार," ती वाचायची.

"चूक! दुसरा उकार. पूर्ण! इतकी वर्षं माझ्याशी संसार करून कान तयार झाला नाही तुझा?"

"छापलंय तसं वाचतेय हो."

"वाचतेयस, पण मख्खासारखी. चुकीचा शब्द आला की आवाजाला ठेच लागली पाहिजे."

"बरं. केला दुसरा. पुढं. 'निरिक्षण', दोन्ही पहिल्या."

"चूक!"

मधूनच ती अडखळायची. "थांबा हं, ओळ चुकली वाटतं. परत वाचते." आणि तेच वाक्य परत वाचायची. दुसऱ्या खेपेला मला त्यातली चूक सापडायची. मी म्हणायचो, "बैलगाडीनं वाचतेस. तुझ्या वेगानं एक पुस्तक संपेस्तोवर लेखक स्वर्गवासी व्हायचा." ती पुढचं पान घ्यायची.

अशी आठ वर्षं गेली. पुस्तक छापून आलं की श्रेयनामावलीचं पान ती मला वाचून दाखवायची, "मुद्रितशोधन : रघुवीर सापळे." मी म्हणायचो, "नाव तरी बरोबर छापलंय का? रघुवीर, दुसरी वेलांटी?" ती म्हणायची, "दुसरी."

मध्यंतरी 'शुद्धक' नावाचं यंत्र निघाल्याचं कानावर आलं. सगळं पुस्तक म्हणे चहा उकळेपर्यंत तपासून देतं. मी खूप हसलो. अनुस्वार कुठे द्यायचा हे ज्या देशात प्राध्यापकांना कळत नाही तिथे डबड्याला काय कळणार? पुण्याचे प्रकाशक गाडेकर तेव्हा हयात होते. ते असल्या डबड्याच्या नादी लागणार नाहीत याची मला खात्री होती. हेमलताही म्हणाली, "छे, गाडेकरांचे गठ्ठे येतायत की."

*

मूलपेशींची बातमी तिनंच रेडिओवर ऐकली. मी म्हणालो, असल्या बातम्या मी तीस वर्षं तपासतोय, दर वर्षी आंधळ्यांना पुढच्या वर्षी दिसणार असतं. तिनं माझ्या नकळत नाव नोंदवलं. पुण्याच्या एका संस्थेत बारा माणसांवर प्रयोग व्हायचा होता. त्यातला पहिला मी ठरलो. वशिला नव्हता. माझ्याइतकं नेमकं बिघडलेलं दृष्टिपटल त्यांना दुसरं मिळालं नाही.

प्रयोग डॉ. शबाना मुजावर यांचा. बाई सांगलीच्या, पंचेचाळिशीच्या. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मान्य करतो, शुद्ध मराठीत सांगितलं.

डोळ्याच्या मागच्या भिंतीवर दृष्टिपटल असतं. त्याच्या मधोमध मोहरीएवढी जागा असते, पीतबिंदू. वाचायला, चेहरा ओळखायला तीच लागते. तिथल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी फार नाजूक असतात. त्यांना खाऊपिऊ घालायचं आणि त्यांची घाण काढायची हे काम त्यांच्यामागचा काळपट पेशींचा एक पातळ थर करतो. माझा तो थर म्हातारपणानं मेला, आणि मग त्याच्या जिवावर जगणाऱ्या पेशी उपासमारीनं मेल्या. कष्ट करणारी मागे असते, नाव पुढच्याचं होतं, आणि मागची गेली की पुढच्याचे तीन तेरा वाजतात. त्या दिवशी मला हे नुसतं शरीरशास्त्र वाटलं.

मेलेली पेशी परत येत नाही, पण नवी घडवता येते. माझ्या दंडातून रक्त काढायचं, त्यातल्या पेशींना चार जनुकांचे धक्के देऊन उलट्या पावली पार गर्भातल्या अवस्थेला न्यायचं. तिथं पेशीनं आपण कोण व्हायचं ते अजून ठरवलेलं नसतं. ती रक्त होईल, हाड होईल, डोळा होईल. ही मूलपेशी. मग तिला ठरलेल्या दिवशी ठरलेलं रसायन पाजत पाच महिने वाढवायचं, की तिचा काळपट थर बनतो आणि त्याच्यावर प्रकाश टिपणाऱ्या कोवळ्या पेशींची साय धरते. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापून दृष्टिपटलाखाली सरकवायचा. पेशी माझ्याच, म्हणून शरीर त्यांना परक्या समजून हाकलत नाही.

"थोडक्यात, सत्तरीच्या माणसाचं बाळ करायचं आणि विचारायचं, आता काय व्हायचंय?" मी म्हणालो.

"तसंच."

"मला विचारलंत तर मी परत मुद्रितशोधकच होईन. तुमचं संमतिपत्र वाचून दाखव गं."

हेमलतेनं आठ पानं वाचली. मी एकोणीस चुका काढल्या. शेवटची तर थेट मर्मावर होती. "'दृष्टीपटल', दुसरी वेलांटी," ती वाचती झाली, आणि मी उसळलो.

"चूक! डॉक्टरीणबाई, 'दृष्टी' एकटी असली की दुसरी वेलांटी. समासात शिरली की पहिली. दृष्टिपटल! ज्या अवयवावर तुम्ही सुरी चालवणार त्याचं नाव तरी नीट लिहा!"

टेबलावर कागद उलटल्याचा आवाज आला. मग मुजावरबाई म्हणाल्या, "दुरुस्त करून घेते, काका."

*

ऑक्टोबरात उजवा डोळा झाला. पट्टी सोडली आणि जग उजळलं असं सिनेमातच होतं. मला काहीच दिसलं नाही. नव्या पेशींना जुन्या तारांशी सूत जमवायला महिने लागतात, आणि मधल्या जागेकडे बघणं विसरलेल्या मेंदूला पुन्हा बघायला शिकवावं लागतं. डिसेंबरात मधल्या जागी धुरकट राखाडी डाग आला. जानेवारीत डागात मुंग्या वळवळू लागल्या. मी वाट बघत होतो, पण कुणाला सांगत नव्हतो. आशा दाखवली की लोक कीव करतात.

फेब्रुवारीतली एक दुपार. हेमलता वाचत होती आणि मी सवयीनं तिच्या हातातल्या कागदाच्या दिशेला तोंड करून बसलो होतो. मुंग्या वळवळता वळवळता एकदम ओळीत उभ्या राहिल्या.

पूर्ण.

मी आठ वर्षांत वाचलेला पहिला शब्द. दुसरा उकार, चांगला शेपूट काढून. त्याच क्षणी हेमलता म्हणाली, "'पुर्ण', पहिला उकार."

"चूक," मी म्हणालो. तोंडानं आपलं काम केलं.

"केला दुसरा." तिच्या हातातलं लाल पेन कागदाच्या बोटभर वर हवेत हललं आणि थांबलं.

माझा पहिला संशय नव्या डोळ्यावर गेला. बारा जणांतला पहिला प्रयोग, कोवळ्या पेशी, काहीच्या बाही दाखवत असतील. मी तसाच पुढच्या ओळीवर गेलो. छापलं होतं 'निरीक्षण'. तिनं वाचलं 'निरिक्षण'. छापलं होतं 'ज्येष्ठ'. तिनं वाचलं 'जेष्ठ, नुसता ज'. दर खेपेला मी 'चूक' म्हणालो आणि दर खेपेला पेन हवेत हललं.

तिसऱ्या दिवशी मी एक चूक मुद्दाम सोडली. ती 'महत्व' म्हणाली, एकच त. मी गप्प बसलो.

"थांबा हं, ओळ चुकली वाटतं. परत वाचते," ती म्हणाली, आणि 'महत्व' वर जरा जोर देऊन तिनं ते वाक्य परत वाचलं. मी तरीही गप्प. तेव्हा तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि आठ वर्षांनी मी तिचं तोंड समोरून, मधोमध बघितलं. तोंडी परीक्षेत ढ मुलाला उत्तर सुचावं म्हणून प्रेमळ बाई जशा बघतात तशी ती बघत होती.

"एकच त?" मी म्हणालो. "चूक."

तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. आणि आठ वर्षांतली एकेक 'परत वाचते' माझ्या अंगावर चालून आली. ती बैलगाडी नव्हती. मला चूक सापडली नाही की ती मला दुसरी संधी देत होती. वरचेवर देत होती.

ती भाजी आणायला गेल्यावर मी कपाट उघडलं. मेहेरबानी म्हणून आलेली चौदा पुस्तकं होती. सगळ्यांची श्रेयनामावली बघितली. पहिल्या दोन वर्षांच्या पुस्तकांत मी होतो. पुढच्या सगळ्यांत 'मुद्रितशोधन : शुद्धक'. मी त्यातलं एक पुस्तक घेऊन बसलो आणि डोळा दुखेपर्यंत चूक शोधत राहिलो. दोनशे तीस पानांत एक सापडली. नीट बघितलं तर तो कागदावरचा ठिपका निघाला.

गाडेकरांच्या कार्यालयात फोन केला. थोरले गाडेकर जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी, ऋता, बोलली. "काका! बरे आहात? प्रुफं? आता कुणालाच नाही पाठवत हो. काकू दर महिन्याला आमची जुनी छापलेली पानं मागवून घेतात. मोकळी सोडून, बांधणीशिवाय. त्यांनी सांगितलं होतं की तुम्हाला—" तिथे तिला उमगलं आणि ती थांबली. "काका, तुम्ही कसे काय फोन लावलात? नंबर कुणी शोधून दिला?"

"पाठ आहे," मी म्हणालो आणि ठेवून दिला.

*

एखाद्या सज्जन माणसानं त्याच संध्याकाळी बायकोचे हात हातात घेतले असते. मी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजता टेबलाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, "चल. वाच."

महिनाभर तसाच बसलो. ती चुका घालत होती, मी काढत होतो, आणि आता मला सगळं दिसत होतं. एका पानात ती चार-पाचच चुका घालायची, त्यातली एक अवघड. मी थकलेलो दिसलो तर सोप्या. दम दिला की तिच्या तोंडावर हसू यायचं आणि ती ते पदरानं पुसायची. मी दिसतंय म्हणून सांगितलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं की सहा वर्षं काम नाही. मग तीन वाजता मी कुठे बसणार होतो? तिची दया येऊन गप्प राहिलो असं कुणाला वाटायला नको. मला भीती वाटत होती. आणि वर रागही येत होता. मला फसवलं म्हणून नव्हे. तिला शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं येतं म्हणून. नेमक्या जागी चूक करायला बरोबर काय ते पक्कं ठाऊक असावं लागतं, आणि ती सहा वर्षांत एकदाही नकळत चुकली नव्हती.

मार्चात तपासणीला पुण्याला गेलो. मुजावरबाईंनी तक्ता दाखवला. मी कानापलीकडे बघण्याची जुनी सवय उकरून काढली आणि म्हणालो, "नाही. काही नाही. धूर."

त्यांनी तीन वेळा विचारलं. मी तीन वेळा धूर म्हणालो. हेमलता कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिचं तोंड उतरलं ते मला स्वच्छ दिसलं.

मग त्यांनी माझ्या डोक्याला मागून पट्ट्या चिकटवल्या. डोळ्यातून निघालेला निरोप मेंदूपर्यंत पोचतो का, हे त्या मोजतात. पडद्यावर शब्द येऊन जात होते. 'काही वाचता येतंय का?' 'नाही.' पाव तास हा खेळ चालला. मग बाईंनी खुर्ची माझ्यासमोर ओढली.

"काका, तुम्हाला दिसतंय."

"मी नाही म्हणतोय ना?"

"तुम्ही म्हणताय. मेंदू नाही म्हणत. मी साठ शब्द दाखवले. त्यातला एक मुद्दाम चुकीचा टाकला होता. 'दृष्टीपटल', दुसरी वेलांटी." त्यांनी आलेख माझ्यापुढे धरला. सगळीकडे लहान लहान उंचवटे होते आणि एका जागी डोंगर. "हा बघा. तुमच्या डोक्यानं इथं बोंब मारली. वाचता न येणारा माणूस वेलांटीवर चिडत नाही."

मी आलेख हातानं बाजूला सारला.

"पुढच्या गुरुवारी समिती बसते आहे. पहिल्या रुग्णाचा डोळा सुधारलाच नाही असं मी लिहिलं असतं, तर उरलेल्या अकरा जणांचं काम थांबलं असतं. त्यात एक सव्वीस वर्षांची मुलगी आहे." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "माझ्या संमतिपत्रात तुम्ही एकोणीस चुका काढल्यात. त्यातली एकही त्यात नव्हती. कागद माझ्यासमोर होता. मी काकूंकडे बघितलं, त्यांनी नुसती मान हलवली, म्हणून मी ऐकून घेतलं. आज तुम्ही खरी चूक केलीत, काका. ही मी ऐकून घेणार नाही."

मी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटची ओळसुद्धा. त्यांनी लिहून घेतलं.

*

बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर हेमलता माझ्याशेजारी बसली नाही. समोर उभी राहिली.

"कधीपासून दिसायलंय?"

चाळीस वर्षं दाबून ठेवलेली बेळगावी एकदम वर आली. मी दुरुस्त केली नाही.

"महिना झाला."

"म्हणजे महिनाभर मी वाचत होतो..."

"मी ऐकत होतो."

"बघत होतासा," ती म्हणाली. "मी चुकतो ते बघत होतासा, आणि बघून वर माझ्यावर ओरडत होतासा."

"तूसुद्धा सहा वर्षं मला—"

"होय की. फसवलं मी. गाडेकरांची चिठ्ठी आली, काम बंद म्हणून. डोळे गेले तेव्हा तुम्ही ताटावरनं उठून जात होतासा ते मी बघितलेलं. 'चूक' म्हणून ओरडलासा की रात्री एक भाकरी जास्त जायची. म्हणून मी रोज सकाळी उठून चुका शोधत होतो. कुठली घालू, कुठली यांना सापडंल, कुठली जड जाईल. चाळीस वर्षं बोलणी खाल्ली तुमची, तेवढ्यात दगडसुद्धा शुद्ध झाला असता. आणि तुमच्यासाठी मी परत बेळगावची येडी झालो." तिनं श्वास घेतला. "मी तुमच्यासाठी केलं. तुम्ही कुणासाठी केलासा?"

मी बाकावर सरकून जागा केली. ती बसली नाही.

"ते बाकीचे अकरा जण वाट बघत बसलेत. त्यांना पण बुडवत होतासा. कशासाठी? तर तीनला मी टेबलाशी येऊन बसावं म्हणून. सांगायचं होतं की, हेमलता, तीनला येऊन बस. मी आलो नसतो?"

वाईपर्यंत ती गाडीत माझ्या पुढच्या बाकावर बसली. घरी आल्यावर चहा केला, माझा मला दिला, तिचा तिनं ओट्याशी उभ्यानं प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरली. बेळगावला बहिणीकडे. किती दिवस ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दारात चप्पल घालताना म्हणाली, "येतो."

"येते," मी म्हणालो. सवयीनं.

ती थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. "येतो," ती म्हणाली आणि गेली.

*

मग मला भरपूर दिसू लागलं. खाली उतरायच्या जिन्यावरची धूळ दिसली. आरशात माझं तोंड दिसलं. लोक त्याला का टाळत असतील ते कळलं. घरातलं सगळं वाचून झालं. औषधांच्या डब्या, डाळीच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या, विजेच्या मीटरवरच्या सूचना. बरण्यांवरची हेमलतेची अक्षरं बघितली. तूर, मूग, मसूर. सगळे दुसरे उकार जागच्या जागी. तीन वाजले की पाय आपोआप टेबलाकडे वळायचे. समोर गाडेकरांची पानं होती. त्यात काढण्याजोगं काहीच नव्हतं.

तिचा निरोप ती गेली त्याच दिवशी संध्याकाळी आला होता. फोनवर दोनच शब्द. 'सुखरुप पोचलो.'

पोचलो, ते ठीक. पण 'सुखरुप'. पहिला उकार. शब्द आहे सुखरूप, दुसरा उकार.

मी त्या शब्दाकडे चार दिवस बघितलं. वाचणाऱ्याला यात काय एवढं असं वाटेल. चव्वेचाळीस वर्षांत असा शब्द दिसला की माझा हात आधी लाल पेनाकडे जायचा, डोकं मागून यायचं. या वेळी हात उठला नाही. ही चूक तिनं केली होती की घातली होती? रागानं, घाईत, गाडीच्या हिसक्यात बोट चुकलं होतं? की इतकं सगळं झाल्यावरही, बेळगावच्या स्टँडवर बॅग खाली ठेवून, हा म्हातारा आज जेवणार नाही म्हणून माझ्यापुढे एक घास टाकला होता?

पाचव्या दिवशी मी विचारलं. लिहिलं, 'सुखरूपमध्ये पहिला उकार चुकून झाला की मुद्दाम?'

उत्तर यायला दुपार झाली. 'आता डोळे आहेत न्हवं. तुम्हीच बघा की.'

मी परत बघितलं. नव्या पेशी उत्तम काम करत होत्या. अक्षराचा काना, मात्रा, पाय, सगळं लख्ख दिसत होतं. मला कळेना. ज्या एका गोष्टीवर मी सगळ्या जगाला तुच्छ लेखलं होतं ती गोष्ट समोर होती, आणि मला सांगता येत नव्हतं की ही चूक आहे की काय आहे. आणि पलीकडची बाई माझ्या एकेका आवाजावरून आठ वर्षं सगळं ओळखत आली होती.

मी बसलेल्या जागी रडलो. ते कुणी बघितलं नाही म्हणून लिहितोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन सदरे पिशवीत घातले आणि बाजारातल्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेलो. बाहेर हातानं रंगवलेला फळा होता. 'कोल्हापुर'. 'निपाणि'. 'बुकींग चालु आहे'. 'सिट मिळेल'. काउंटरवरचा गडी मला ओळखत असावा, कारण मी फळ्यापुढे उभा राहिलो तसा तो बाहेर आला.

"काका, ते पेंटरनं केलंय हं. सांगा, काय काय चुकलंय, पुसून घेतो."

"बेळगावची गाडी कितीला आहे तेवढं सांग," मी म्हणालो. "मला तीनच्या आत तिथे पोचायचं आहे."